देवमाशाच्या बरगडीवरची गाठ

परवा सकाळी बाथरूममधून सानिकाची हाक आली, "आई, मी गीझर बंद केला गं!" मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच ठेवून मी मनाशीच हसले. मस्कतला उन्हाळा सुरू झाला हे आमच्या घरात असं कळतं.

ज्यांनी आखातात उन्हाळा काढलेला नाही त्यांना हे सांगावं लागतं. गच्चीवरच्या टाक्या एप्रिल सरता सरता अशा तापतात की थंड पाण्याच्या नळाला हात लावायची सोय राहत नाही. मग गीझर बंद करायचा. तो बिचारा घरात, सावलीत टांगलेला असतो, त्यामुळे त्याच्या पोटातलं पाणी जरा निवतं. म्हणजे लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्या खुणेच्या नळाला कढत. भारतातून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी हमखास भाजून घेतो आणि आम्ही जुने रहिवासी त्याला हसून घेतो. पुढे ऑक्टोबरपर्यंत हाच उलटा संसार चालतो आणि अंगवळणी पडतो.

सानिका आता नववीत आहे. माझ्या खांद्याला लागली आहे, स्वतःचा गीझर स्वतः बंद करते आणि बाथरूममध्ये तासभर काय करते ते विचारलेलं तिला खपत नाही. तिच्या उजव्या गुडघ्याखाली बोटाच्या पेराएवढा एक पांढरट व्रण आहे. तिला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र दरवर्षी गीझर बंद झाला, की चौदा सालचा तो उन्हाळा आठवतो. तेव्हा ती चौथीत होती आणि तिच्या पायाचं काय होणार हे आम्हाला माहीत नव्हतं.

तेव्हाही असाच गीझर नुकता बंद केला होता. मी तिला आंघोळ घालत होते. खरं तर चौथीतल्या मुलीला आंघोळ घालायची काही गरज नाही, पण शाळेची बस सव्वासहाला यायची आणि तिच्यावर सोपवलं तर ती बादलीशी गप्पा मारत बसायची. पाय घासता घासता माझा हात गुडघ्याखाली थांबला. तिथं काहीतरी होतं. कडक, न हलणारं. दुसऱ्या पायाला हात लावून पाहिला, तिथं नव्हतं. "दुखतंय का गं?" तर म्हणाली, "थोडं थोडं. रनिंग करताना." मी पुन्हा पुन्हा दाबून पाहत राहिले. शेवटी ती वैतागली, "आई, बस मिस होईल!" साबणाचा तो लिंबाचा वास मी नंतर कधी घरात आणला नाही.

डॉक्टर मलयाळी होते, मऊ बोलणारे. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. मग पेनाच्या टोकानं एक जागा दाखवत म्हणाले, "मॅडम, ये यहाँ हड्डी पे थोडा शॅडो है. ज्यादातर कुछ नहीं होता. लेकिन मैं अंदाज से नहीं बोलूँगा." सावली. मराठीत किती थंडगार, बरा वाटणारा शब्द. उन्हातून चालताना आपण सावली शोधतो. त्या दिवसापासून काही काळ मला तो शब्द ऐकवत नव्हता.

गाडीत प्रशांत, म्हणजे माझा नवरा, स्टिअरिंगवर टॉवेल टाकून बसला होता, कारण स्टिअरिंग हाताला लावण्याजोगं नव्हतं. मागे सानिका झोपून गेली होती. बौशरच्या क्लिनिकपासून माबेलाच्या आमच्या घरापर्यंतचा तो लांबलचक हायवे, दोन्हीकडे खजुराची झाडं, आणि झाडांना हिरव्या कच्च्या खजुराचे घोस लागलेले. प्रशांतनं एसी वाढवला. मग तो म्हणाला, "गावी काही बोलू नकोस हं." मी म्हटलं, "वेडी आहे का मी?"

हा इथला अलिखित नियम आहे. समुद्र मध्ये आहे, तेव्हा वाईट बातमी उगाच पलीकडे पाठवायची नाही. सगळं पार पडलं, की सांगायचं. पलीकडचे लोकही तेच करतात. माझा सख्खा काका गेला तेव्हा मला तेराव्यानंतर कळलं, आणि तेही 'तो सुटला बिचारा' अशा सुरात. प्रशांतच्या कंपनीत एकाचं अपेंडिक्स काढलं, तर त्यानं बायकोला महिनाभर 'साइटवर नेटवर्क नाही' म्हणून सांगितलं होतं. आमची फोनवरची भाषाच तशी झाली आहे. इकडून विचारायचं, "काय म्हणता?" तिकडून यायचं, "बरं आहे सगळं, तुमचं?" आणि इथून, "आमचंही बरं." मग हवापाणी. दोन्ही टोकांना काय काय दडवलेलं असतं ते दडवणाऱ्यालाच ठाऊक.

मी तर सानिकालाही बजावून ठेवलं. "हे बघ, पायाचं कुणाला सांगायचं नाही. लोक उगाच काळजी करतात." तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

पायातल्या हाडाचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो आणखी कुठल्या तरी देशातल्या मोठ्या लॅबमध्ये जाणार होता आणि उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागणार होते, इन्शाल्ला. इन्शाल्ला हा शब्द एरवी मला आवडतो. माणसाच्या हातात सगळंच नसतं, हे त्यात किती सहज येतं. त्या दिवसांत मात्र फोनवर कुणी इन्शाल्ला म्हटलं, की मी कॅलेंडरवर पुन्हा दिवस मोजायचे.

सानिकाच्या पायाला जाडजूड पट्टी होती, शाळा बंद होती आणि एक दिवसाआड ड्रेसिंगला बौशरला जायचं असायचं. मला तेव्हा गाडी येत नव्हती. सकाळी प्रशांत ऑफिसला जाताना आम्हाला क्लिनिकवर सोडायचा, ड्रेसिंग अर्ध्या तासात व्हायचं, आणि पुढे दुपारी तो सुटेपर्यंत आम्ही मायलेकी रस्त्यावर. उन्हात उभं राहणं शक्य नाही. मॉलमध्ये किती वेळ काढणार? तिथं सानिकाला सगळ्याच गोष्टी हव्या असायच्या, आणि त्या दिवसांत तिला नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. मग एक दिवस प्रशांत म्हणाला, "जवळच ते प्राण्यांचं म्युझियम आहे. एसी आहे, बसायला बाक आहेत. तिथं बसा."

अशी आमची निसर्गाच्या इतिहासाशी ओळख झाली, एसीसाठी.

सकाळच्या वेळी तिथं चिटपाखरू नसायचं. दारातून आत गेलं, की पहिल्यांदा जमिनीचा गारवा चपलेतून पायाला लागायचा. मग तो वास, जुन्या कपाटाचा, कापराचा, थोडा समुद्राचाही. काचेमागे ओरिक्स नावाचं लांब शिंगांचं हरण, रानमांजर, वाळूतले कोल्हे, ओळीनं लावलेले शंख. सानिकाला पेंढा भरलेले प्राणी आवडले नाहीत. "यांचे डोळे फेक आहेत," असा शेरा मारून ती लंगडत पुढे गेली. शेवटी एका बाजूला काळोखं दालन होतं. आत निळसर उजेड, आणि कुठल्या तरी स्पीकरमधून, समुद्राच्या तळातून यावा तसा लांब, खोल आवाज येत होता. उजेडाला डोळे सरावले आणि समोर तो दिसला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती हाडं.

आमच्या गावाला त्याला देवमासा म्हणतात. आमचं गाव हर्णैच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला, तर कोळीवाड्यातल्या बायका जाऊन हळदकुंकू वाहून येतात, नारळ ठेवतात. त्याच्यावर पाय देत नाहीत. लहानपणी मी एकदा भाऊंचं बोट धरून तो सोहळा पाहिला होता. भाऊ म्हणजे माझे वडील. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले, देवाधर्माच्या भानगडीत न पडणारे. पण तेही त्या दिवशी चपला काढून उभे राहिले होते. ते आठवलं, आणि मी इकडेतिकडे बघून त्या सांगाड्याला पटकन हात जोडले. काही मागितलं नाही. मागायचं तर आधी त्या आजाराचं नाव मनात घ्यावं लागलं असतं, आणि ते घ्यायची माझी तयारी नव्हती.

दालनाच्या दाराशी खुर्चीवर एक बाई बसायची, तिनं पाहिलं. काळा अबाया, मनगटात सोन्याच्या बारीक बांगड्या, वय माझ्याएवढंच. तिचं नाव मौझा. हिंदी छान यायचं तिला, लहानपणापासून सिनेमे बघून शिकलेलं. ती हसली आणि म्हणाली, "माफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही. "मेरी दादी भी करती थी. ऐसे, हाथ लगाके." मौझा किनाऱ्यावरच्या सहम गावची. बाप मासेमारी करणारा, भाऊ अजून करतो. तिच्या सांगण्याप्रमाणे हा मासा बातिनाच्या किनाऱ्यावरच वाहून आला होता आणि गावंच्या गावं त्याला बघायला लोटली होती. "बेबी, पैर में क्या हुआ?" तिनं विचारलं. सानिका म्हणाली, "मम्मी ने बोला है किसी को नहीं बताना." मौझा माझ्याकडे बघून म्हणाली, "अच्छा. तो मत बताना, हबीब्ती." आणि तिनं एक दुसरी खुर्ची आणून पट्टीचा पाय ठेवायला समोर सरकवली.

मग आम्ही जातच राहिलो. पुढेपुढे मौझा आमची वाट बघायची. थर्मासमधला वेलचीचा कहावा आणि खजूर तिच्या टेबलाखाली असायचे. सानिका पाय वर टाकून बसायची आणि तो सांगाडा कागदावर काढायची. रोज एकेक भाग. आज शेपूट, उद्या जबडा. मी तिच्या शेजारी बसून त्या आवाजात डोळे मिटायचे. खरं सांगते, चोवीस तासांत मला तेवढाच वेळ बरं वाटायचं. घरी फोन वाजला की दचकायला व्हायचं. त्या काळोखात फोनला रेंजच नव्हती.

आणि एका सकाळी ती बरगड्या काढत असताना एकदम ओरडली, "आई, बघ! याला पण आहे!"

एका बरगडीवर मधोमध हाड जाड झालेलं होतं. वेताच्या काठीला गाठ असते तसं. शेजारच्या सगळ्या बरगड्या गुळगुळीत आणि ही एकच अशी. इतके दिवस मला दिसली नव्हती. मला वाटलं, आता ही विचारणार, हा त्याच्यामुळेच मेला का? मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी तिनं मौझाला विचारलं. सरळ, जशी मुलं विचारतात तसं. "इससे वो मर गया क्या?"

मौझा उठून जवळ आली. तिनं मान वाकडी करून त्या बरगडीकडे असं बघितलं, जसं काही तीही पहिल्यांदाच बघत होती. बहुधा बघतच होती. मग म्हणाली, "मालूम नहीं, हबीब्ती. लेकिन देखो, कितना बड़ा हो गया वो. बच्चा नहीं है. ये लेके घूमा होगा बहुत साल, पूरा समंदर." आणि दोन्ही हात पसरून तिनं केवढा समुद्र ते दाखवलं. सानिकानं थोडा विचार केला. मग तिनं कागदावर ती गाठ काढली, जरा मोठीच काढली, आणि पेन्सिल ओली करून गडद केली. मी बाहेर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तिथंही नळाला कढतच पाणी.

आत्ता लिहिताना मध्येच एक गोष्ट आठवली. मागच्या वर्षी आम्ही एका मराठी टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आलो. तेच ते, डोंगरावर वडापाव आणि बसमध्ये अंताक्षरी. व्हिएन्नात राजवाडे बघून सगळे थकले होते आणि टूर मॅनेजरनं खरेदीला मोकळा वेळ दिला. बायका चॉकलेटं घ्यायला गेल्या. सानिका आम्हाला ओढत निसर्ग-इतिहासाच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. काय ती इमारत! संगमरवरी जिने, छतावर चित्रं, घुमट, दालनामागून दालनं. आमचं मस्कतचं म्युझियम त्याच्या एका जिन्याखाली मावेल. मी आ वासून छताकडे बघत होते आणि ही पोरगी हाडं दिसतील तिथं थांबून एकेक बरगडी न्याहाळत होती. जिथं जिथं हाडं, तिथं तिथं. शेवटी निघायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "सगळे परफेक्ट आहेत. बोअर." प्रशांत एवढ्या मोठ्यानं हसला की रखवालदारानं वळून बघितलं.

तर तो उन्हाळा. मेच्या मध्यावर आंबे आले. गावचे हर्णैचे सलीमभाई, त्यांचं सहमला दुकान आहे. दरवर्षी सीझनला घरी जातात आणि येताना निम्म्या कोकणाचे आंबे घेऊन येतात, ज्याचे त्याला पोचवतात. भाऊंच्या परसातली कलमं तशी थोडीच, त्यामुळे आम्हाला दरवर्षी एक पेटी यायची. त्या वर्षी सलीमभाईंनी डिकी उघडली आणि दोन काढल्या. मी म्हटलं, "एवढे कशाला?" तर म्हणाले, "मी पन तेच बोललो. भाऊ, घरला ठेवा की. तर बोलतात, यंदा आमच्याकडं खानारं कोन नाय."

आता हे ऐकून कुणालाही आश्चर्य वाटायला हवं होतं, निदान मला तरी. कारण भाऊ आणि आंबा हा आमच्या घरातला कायमचा तंटा. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टर सांगून थकले, आई ओरडून थकली, मी फोनवरून दरवर्षी झापते. हा माणूस ऐकत नाही. जेवणाआधी एक, जेवताना रस, आणि जेवणानंतर 'तोंडाची चव बदलायला' पुन्हा एक. आईनं आढीतले हापूस मोजून ठेवले, तर हे मोजणीत नसलेले रायवळ उचलायचे आणि गोठ्यामागं उभं राहून चोखायचे. शर्टावर डाग पडतील म्हणून बनियनवर. एकदा डॉक्टरकडे जाताना खिशात कोय सापडली होती.

पण त्या उन्हाळ्यात माझं डोकं ठिकाणावर कुठं होतं? मला वाटलं, पुण्याला असतो तो माझा भाऊ यंदा सुट्टीला गावी गेला नसेल, म्हणून वडील तसं म्हणाले असतील. आईचा फोन आला तेव्हा ती तर हरखून गेली होती. "अगो, यंदा शुगर अगदी ताब्यात आहे हो यांची! आंब्याला शिवले नाहीत. ऐकलं माझं एकदाचं. चाळीस वर्षांनी का होईना, ऐकलं!" मी म्हटलं, "बरं झालं." फोनवर भाऊ आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "काय गो बाय, बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरं आहे सगळं. तुमचं?" "आमचंही बरं." मग जरा थांबून, "बाकी?" मी म्हटलं, "बाकी काही नाही." पुन्हा थांबले. "बाकी काही नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो भाऊ. उकडतंय फक्त." मग म्हणाले, "बरं, सानूला दे." एरवी फोनवर दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा माणूस त्या महिन्यात एक दिवसाआड फोन करत होता आणि नातीशी बराच वेळ बोलत होता. सानिकाचं मराठी अडखळतं, त्यांना इंग्रजी नाही, म्हणून ती दुसऱ्या खोलीत जाऊन हातवारे करत बोलायची. फोनवर हातवारे! मी मनात म्हणायचे, रिटायर माणूस, वेळ जात नसेल.

दोन पेट्यांनी आमचं माबेलाचं ते घर आंब्याच्या वासानं भरून गेलं होतं. पडदे, उशा, सानिकाची पट्टीसुद्धा. ती मिटक्या मारत खायची. मला घास उतरत नव्हता. मी मौझासाठी एक डबा भरून नेला. तिनं एक फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि लगेच दुसरी उचलली. मग डबा रिकामा करूनच परत दिला.

आणि तो दिवस. ड्रेसिंगचा शेवटचा. सानिका आता पट्टीवाचून, नुसती चिकटपट्टी लावून बसली होती. चित्रातलं फक्त डोकं राहिलं होतं. दाराच्या उजेडात कुणीतरी उभं असलेलं दिसलं. कंपनीचा शर्ट, खिशात पेन, हातात गाडीची किल्ली. प्रशांत. तो त्याआधी एकदाही आत आला नव्हता, बाहेरूनच हॉर्न द्यायचा. आणि त्याच्या सुटायच्या वेळेला अजून खूप अवकाश होता. मी उठून उभी राहिले. तो काळोखात डोळे बारीक करून आम्हाला शोधत होता, आणि मी त्याला हाक मारत नव्हते, कारण त्यानं शोधेपर्यंत जेवढा वेळ जाईल तेवढा मला हवा होता.

त्यानं बघितलं. जवळ आला. आणि बोलायच्या ऐवजी सानिकाच्या समोर उकिडवा बसला आणि तिच्या त्या पायावर डोकं ठेवलं. "काही नाही," म्हणाला. "डॉक्टरांचा फोन आला. साधी वाढ आहे. हाडावर हाड आलंय, बस. काही नाही. काहीच नाही." मग मान वर करून मला म्हणाला, "तुझा फोन लागत नाही गं!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी रडले नाही, उलट मला हसू फुटलं, मोठ्यानं, त्या देवमाशाच्या दालनात. हसता हसता मला एकदम कडकडून भूक लागली. इतके दिवस जी गेली होती ती सगळी एकदम परत आली. मौझाला काय झालं ते विचारावं लागलं नाही. तिनं दोन्ही हात वर केले, "अल्हम्दुलिल्ला, अल्हम्दुलिल्ला!" आणि टेबलाखालचा खजुराचा डबाच माझ्यापुढे उघडा केला. मी उभ्याउभ्या खजूर खात सुटले. सानिका आमच्या तिघांकडे बघून म्हणाली, "मग मी रनिंग करू शकते?" प्रशांत म्हणाला, "कर." ती उठली आणि तिथंच, शेपटीपासून डोक्यापर्यंत, त्या सांगाड्याच्या कडेनं लंगडत धावली. मौझानं तिला अडवलं नाही. उलट टाळ्या वाजवल्या, "यल्ला, यल्ला!"

संध्याकाळी गावी फोन लावला. आता सांगायला हरकत नव्हती. मी मनात वाक्यं जुळवली होती, अगदी सहज, बोलता बोलता निघालं असं. आईनं उचलला. मी सांगितलं, की सानूच्या पायाला जरा गाठ होती, तपासली, काही निघालं नाही. आईचा बांध फुटला. "अगो, एवढं सगळं झालं आणि आम्हाला सांगितलं नाहीस? आम्ही काय मेलो होतो काय?" रडणं, रागावणं, पुन्हा पुन्हा विचारणं, खरंच काही नाही ना, देवाशपथ सांग. मी सांगत राहिले. मग ती फोनपासून तोंड लांब नेऊन ओरडली, "अहो ऐकलंत का? सानूच्या पायाला गाठ होती म्हणे! साधी निघाली! काही नाही म्हणाले डॉक्टर!"

भाऊंचा काहीच आवाज आला नाही. 'काय झालं' नाही, 'कधी' नाही, 'दे फोन' नाही. नुसता झोपाळ्याच्या कड्यांचा करकर आवाज आणि तो थांबला.

"अगो, हे बघ यांचं," आई म्हणाली. तिचं रडणंच थांबलं होतं. "काय माणूस आहे हा! नातीचं ऐकलंन आणि उठून चालता झाला आढीकडे. अहो! अहो, काय करताय? पेंढा कशाला उसकटताय? अगो, आंबा काढलान. आता मला म्हणतोय सुरी दे." मग फोनपासून लांब, "अहो, महिनाभर एवढं पाळलंत, आणि आज काय हे? शुगर वाढेल ना!" मला काही कळेना. मी फोन कानाला लावून तशीच उभी. शेजारी सानिका पलंगावर बसून चिकटपट्टीचं टोक सोडवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊ मँगो खातायत?"

"तुला गं काय माहीत?"

"ते म्हणाले होते, तुझा रिपोर्ट चांगला आला की मगच मी खाणार. प्रॉमिस केलं होतं."

"म्हणजे तू त्यांना सांगितलंस? मी म्हटलं होतं ना, लोकांना सांगायचं नाही म्हणून?"

तिनं माझ्याकडे बघितलं, जसं काही मलाच साधी गोष्ट समजत नव्हती. "पण भाऊ लोक नाहीत ना, आई."

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले. 'बाकी?' आणि 'बाकी काही नाही ना?' दोन पेट्या. खाणारं कोण नाय. सगळं एकदम समजलं. देवापुढं कधी हात न जोडलेल्या त्या माणसानं आपल्याजवळचं जे सगळ्यांत मोठं होतं, तेच ठेवून दिलं होतं, बायकोलाही न सांगता, मला कळू न देता, मी त्यांच्यापासून लपवतेय म्हणून तेही माझ्यापासून लपवत. आणि दर फोनला मला विचारत होते, बरी आहेस ना. आता मात्र मला रडू आलं, चांगलं भरपूर.

फोनमधून आवाज येत होता. सावकाश, मन लावून चोखण्याचा. सुरीची वाटही पाहिली नव्हती त्यांनी. मी नुसती ऐकत राहिले. मग आईचा आवाज, वैतागलेला आणि रडवेला, "ऐकतेस ना गो? एक संपवलान. आता म्हणतोय दुसरा काढू का. तूच सांग बघू यांना, तुझं तरी ऐकतात."

दरवर्षी मीच झापायची. मी नाक पुसलं.

"काढू दे गं आई," मी म्हटलं. "आणि तूही घे एक."